शून्य ढेकर

टिकलीनं सकाळपासून एकही ढेकर दिला नव्हता, म्हणून तिचं अभिनंदन करण्यात आलं.

अभिनंदन चरणदासनं केलं. चरणदास म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीनं पाठवलेला, शेळ्यांना चारा घालणारा यंत्रमानव. गोठ्याच्या दारात ताठ उभा राहून, छातीवरचा हिरवा दिवा पेटवून तो म्हणाला, "टिकली. ढेकर शून्य. बोरखडक गावातला हा आजवरचा सर्वोत्तम निकाल आहे. कृपया टाळ्या वाजवा."

गोठ्यात अबोली एकटीच होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती टिकलीकडे बघत होती आणि टिकलीचं काहीतरी बिनसलं होतं.

शेळ्यांचे ढेकर कोण मोजतं आणि कशासाठी, हे आधी सांगायला हवं, कारण तुमच्या गावात अजून मोजत नसतील. ही गोष्ट घडायला थोडी वर्षं आहेत. शेळी, गाय, म्हैस यांच्या ढेकरांतून मिथेन (हवा तापवणारा एक वायू) बाहेर पडतो. हवा तापत चालली आहे हे माणसांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी मोटारींचा आणि कारखान्यांचा धूर कमी करायचं ठरवलं. त्याला मोटारवाल्यांचा आणि कारखानदारांचा विरोध झाला. शेळ्यांचा विरोध झाला नाही. मग प्रत्येक शेळीच्या पोटात लहानपणीच सुपारीएवढी एक गोळी सोडायची पद्धत पडली. ही गोळी पोटात तळाशी बसून राहते, ढेकर मोजते आणि तिला एक बारीकसा डोळाही असतो. संगमनेरच्या पठारावरच्या बोरखडक गावातल्या सगळ्या शेळ्यांच्या पोटात अशा गोळ्या होत्या, आणि त्यांचा हिशेब चरणदासकडे होता.

तर टिकली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली तपकिरी शेळी. नुकतीच व्याली होती, दोन पिल्लं होती. एरवी पिल्लं दुधाला लुचायला आली की ती शांत उभी राहायची. आज ती चारी पाय फाकवून उभी होती, दात करकर खात होती आणि पिल्लू जवळ आलं की लाथ झाडत होती. तिची डावी कूस पाठीच्या वर आली होती. अबोलीनं त्या कुशीवर टिचकी मारली. हलगीवर मारल्यासारखा आवाज आला.

"आई!" अबोली ओरडली. "आई, लवकर ये! टिकली फुगलीय!"

"फुगलेली नाही," चरणदास म्हणाला. "तिचे पोट भरलेले आहे. तिने आज गोठ्यातला सर्वांत पौष्टिक चारा खाल्ला आहे."

आई हातातलं पीठ पदराला पुसत आली. पाठोपाठ आजोबा आले.

आजोबा म्हणजे आईचे वडील, डॉक्टर मुरलीधर थिटे. डॉक्टर असले तरी ते कुणाला औषध देत नसत. कृषी विद्यापीठात त्यांनी सगळी नोकरी शेळीच्या पोटात काढली होती. माणूस मोठा विद्वान, पण त्यांना एक खोड होती. ते सरळ काही सांगत नसत, प्रश्न विचारत. घराला आग लागली असती तरी पाणी आणायच्या आधी त्यांनी विचारलं असतं की ज्वलन म्हणजे काय.

"अबोली," ते टिकलीच्या कुशीवर हात ठेवून म्हणाले, "ही शेळी जन्मभर बाभळीचे काटे चघळत आली. तिला कधी काही झालं नाही. आणि आज सगळ्यात चांगलं खाऊन ती अशी का झाली असेल?"

"आजोबा, आत्ता प्रश्न नको! ती मरेल का?"

आजोबांनी पुढचा प्रश्न गिळला. "उपाय झाला नाही तर मरेल," ते म्हणाले. "पोट फुगून वर दाबतं, मग फुप्फुसाला जागा राहत नाही. मंदा, सानप डॉक्टरांना फोन लाव."

आईनं फोन लावला. गुरांचे डॉक्टर सानप दुसऱ्या टोकाच्या वस्तीवर एका अडलेल्या म्हशीजवळ होते. मागून म्हशीचा आवाज येत होता.

"निघतोच मी, पण पोचायला वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले. "तिनं खाल्लं काय?"

आईनं चरणदासकडे पाहिलं. "काय घातलंस रे हिला?"

"तुम्ही सांगितले तेच, ताई. काल तुम्ही म्हणालात, 'टिकली लेकुरवाळी आहे, तिला दोन घास जास्त घाल.' म्हणून आज सकाळी तिला दोन घास जास्त घातले." चरणदासनं कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे हिरव्या चाऱ्याच्या दोन पेंढ्यांचे सुटलेले बंद पडले होते.

आई कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

बाहेरगावच्या वाचकांना इथे काय घडलं ते कळणार नाही. त्या भागात 'घास' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक तर आपण तोंडात घालतो तो घास. आणि दुसरा, लसूणघास नावाचा हिरवागार, लुसलुशीत चारा. त्यालाही लोक नुसतं घासच म्हणतात. चरणदास नवा आला तेव्हा त्याला पहिलाच अर्थ ठाऊक होता. आई म्हणाली होती, "शेळ्यांना घास घाल." त्यानं एकेका शेळीसमोर बसून, प्रत्येकीच्या तोंडात एकेक चिमूट चारा भरवला होता आणि तोंड पुसायला फडकंही आणलं होतं. आई हसून हसून दमली, मग वैतागली आणि म्हणाली, "अरे शहाण्या, घास म्हणजे तो घास! हिरवा! पेंढी!" चरणदासनं ते नीट ऐकलं, जुना अर्थ पुसला आणि नवा लिहिला. यंत्रमानव एकदा शिकला की शिकला.

"घास खाल्लाय, डॉक्टर," आजोबा फोनवर म्हणाले. "लसूणघास. ओला, कोवळा, सकाळी रिकाम्या पोटी. दोन पेंढ्या."

"अरे देवा," डॉक्टर म्हणाले. "ऐका. पोटफुगी दोन तऱ्हेची असते. पोटात सुटा वायू साचला असेल तर नळी घालून तो काढायचा. पण फेस झाला असेल तर नळीतून काही येत नाही, नुसता वेळ जातो, तिला त्रास होतो तो वेगळाच. तेव्हा तेल पाजायचं. आधी कोणतं ते बघा. तिच्या पोटात ती गोळी आहे ना?"

"चरणदास, चित्र दाखव," आजोबा म्हणाले.

चरणदासच्या छातीवरच्या काचेवर टिकलीच्या पोटाचं चित्र उमटलं. पांढरट, हिरवट, धूसर. मध्येच काहीतरी हलल्यासारखं.

"चित्र अस्पष्ट आहे," चरणदास म्हणाला. "माझ्या मते ढग. ढग म्हणजे वायुरूप. नळी आणू का?"

"माझा चष्मा," आजोबा खिसे चाचपत म्हणाले. "मंदा, माझा चष्मा कुठे आहे?"

"मला काय माहीत, अण्णा! तुम्हीच कुठंतरी ठेवता!"

टिकलीनं मान लांब केली आणि तोंड उघडून श्वास घेऊ लागली. चरणदासनं नळी आणली होती. अबोली काचेला नाक लावून चित्राकडे बघत होती.

अबोलीकडे घरातलं एक काम कायमचं होतं. आजोबांना कुकरातली डाळ चालत नसे, म्हणून तुरीची डाळ पातेल्यात शिजायची आणि ती उतू जाऊ नये म्हणून अबोली चुलीपाशी उभी असायची. डाळ उकळायला लागली की आधी काठाला पांढरे बुडबुडे धरतात. मग ते एकमेकांना चिकटतात, एकावर एक चढतात, आणि लक्ष नसेल तर अख्खं पातेलं उचलल्यासारखं वर येतं. ते तिनं इतक्या वेळा पाहिलं होतं की डोळे मिटूनही दिसायचं.

"हे ढग नाहीत," ती म्हणाली. "ढगाला कड नसते. याला कडा आहेत, बघा. गोल गोल. एकमेकांना चिकटलेले. आजोबा, ही उतू जाणारी डाळ आहे!"

"फेस?"

"फेस. शंभर टक्के फेस."

"ऐकलंत, डॉक्टर?" आजोबा फोनवर म्हणाले.

"ऐकलं. गोडंतेल आहे का घरात?"

"आहे!" म्हणत अबोली पळत सुटली होतीसुद्धा. तेल कशाला, हे तिला कुणी सांगायला नको होतं. डाळ उतू जायला लागली की आई काय करते? चमचाभर तेल सोडते. की लगेच फेस खाली.

डॉक्टरांनी तेलाचं माप सांगितलं आणि सांगत राहिले. टिकलीचे पुढचे पाय उंचवट्यावर घ्या. डोकं वर ताणू नका, नाहीतर तेल फुप्फुसात जाईल. थोडं थोडं पाजा, तिला गिळू द्या. (तुमच्याकडे असं काही झालं तर आधी गुरांच्या डॉक्टरांना फोन. त्यांना न विचारता बाटली हातात घ्यायची नाही.) आईनं टिकलीला पायरीवर धरलं, आजोबांनी बाटली धरली आणि अबोली डावी कूस चोळत राहिली. चरणदास नळी हातात घेऊन उभा होता. ती खाली ठेवायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बराच वेळ काहीच झालं नाही. अबोलीचे हात दुखायला लागले. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी होती.

आणि मग टिकलीच्या पोटात खोल कुठेतरी गुडगुडलं. तिनं मान पुढे काढली आणि एक ढेकर दिला. लांबलचक, ओल्या गवताचा वास असलेला, अजिबात सभ्य नसलेला ढेकर.

"ढेकर एक," चरणदास म्हणाला. "निकाल घसरला आहे."

"घसरू दे मेल्या, घसरू दे!" आई रडत रडत हसली. "टिकली गं बाई, टिकली!"

"ढेकर दोन. ढेकर तीन. कळवण्यास खेद होतो की..."

"चरणदास," आजोबा म्हणाले, "ती नळी ठेव आणि टाळ्या वाजव."

त्यानं नळी ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. आज्ञा होती.

डॉक्टर आले तोवर टिकलीची कूस बरीच खाली बसली होती. त्यांनी तपासलं, आजचा दिवस फक्त पाणी आणि थोडा कोरडा चारा द्यायला सांगितलं, चहा घेतला आणि पुन्हा म्हशीकडे गेले. म्हैस अजून अडलेलीच होती.

दुपारी टिकली लिंबाखाली बसली. तिचे जबडे आडवे हलायला लागले. गिळलेलं पुन्हा तोंडात आणून ती सावकाश चावत होती.

"रवंथ करतेय," आजोबा म्हणाले. त्यांना चष्मा सापडला होता. तो गळ्यातल्या दोरीला होता. "आता विचारू का सकाळचा प्रश्न?"

"तुम्ही विचारू नका, मी विचारते," अबोली म्हणाली. "काटेरी पाला खाऊन ठणठणीत आणि पौष्टिक खाऊन आडवी, असं कसं? आणि सरळ सांगायचं. उलटा प्रश्न नाही."

"एकही नाही?"

"हा झाला एक."

आजोबांनी हार मानली. आईही आली, आणि चरणदासही येऊन बसला. म्हणजे त्यानं गुडघे दुमडले. बसणं त्याला जमत नसे.

"पहिली गोष्ट म्हणजे," आजोबा म्हणाले, "शेळीला चारा पचवता येतच नाही."

"काहीतरीच! दिवसभर तर खाते."

"खाते, पण पचवतात दुसरेच. तिच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे कोठीपोट. ते एक मोठं पिंप समज. त्या पिंपात सूक्ष्मजीव (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव) राहतात. किती? पृथ्वीवर जेवढी माणसं आहेत, त्याहून जास्त चमचाभर रसात."

"आणि ते काय करतात?"

"भाडेकरू आहेत ते. शेळी त्यांना घर देते, ऊब देते, खायला चारा पाठवते. त्याच्या बदल्यात ते चारा फोडतात. या क्रियेला किण्वन (आंबणं) म्हणतात. आंबोळीचं पीठ रात्रीत फुगतं ना? तेच. फक्त टिकलीच्या पोटातलं पीठ चोवीस तास आंबत असतं. फुगतं कशानं? त्यातून वायू सुटतो म्हणून. तो वायू वर गोळा होतो, आणि शेळी ढेकर देऊन त्याला वाट करून देते. तेव्हा ढेकर हा शेळीचा वाईटपणा नाही. तिचं धुराडं आहे ते."

"आणि आम्ही धुराडे बंद पडल्याबद्दल अभिनंदन केले," चरणदास म्हणाला.

"तू केलंस," अबोली म्हणाली. "आम्ही नाही."

"आता चारा," आजोबा म्हणाले. "प्रत्येक चाऱ्याची या भाडेकरूंशी वागायची रीत वेगळी. कडबा घे, ज्वारीची वाळलेली ताटं. राठ आणि चिवट. भाडेकरूंना तो झटकन फोडता येत नाही. टिकलीलाच तो पुन्हा तोंडात आणून चावावा लागतो, भरपूर. जितकं चावेल तितकी लाळ सुटते. लाळ सोड्यासारखी असते, पोटातला आंबटपणा ती आटोक्यात ठेवते. म्हणून कडबा खाल्ला की काम संथ चालतं आणि वायूही थोडा थोडा सुटतो. पण नुसता कडबा खाऊन दूध येत नाही, कारण त्यात प्रथिनं (शरीर बांधणारी द्रव्यं) जवळजवळ नसतात."

"आणि घासात असतात."

"खच्चून. आणि घास कोवळा. दातांना काम नाही, लाळ कमी. त्याचा रस एकदम बाहेर येतो आणि भाडेकरू त्यावर लग्नातल्या पहिल्या पंगतीसारखे तुटून पडतात. वायू एकदम सुटतो. तरीही हरकत नव्हती, ढेकर देऊन काढून टाकला असता. पण घासातली प्रथिनं वायूच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ, चिवट कातडं धरतात. बुडबुडा फुटत नाही. वायू सुटा होत नाही. वर फेस नुसता, आणि फेसाचा ढेकर येत नाही."

अबोली एकदम सरळ बसली. "म्हणजे डाळीसारखंच! डाळीतपण प्रथिनं असतात. शाळेत सांगितलंय."

"डाळीसारखं नाही, डाळच. तूर आणि लसूणघास एकाच कुळातली, शेंगा धरणारी. तुझ्या पातेल्यात आणि टिकलीच्या पोटात आज एकच गोष्ट घडत होती. तेलानं ते कातडं फुटलं." आजोबांनी चष्मा काढून पुसला. "मी इतकी वर्षं शेळीच्या पोटाचा फेस शिकवला. पण ताटात रोज वरण असूनही मला हे उदाहरण सुचलं नाही."

"तुम्ही डाळीजवळ उभे राहत नाही ना," अबोली म्हणाली. "तुम्ही फक्त वाढलेलं खाता."

आईला हसू आवरेना. आजोबांनी ते ऐकलं नाही असं ठरवलं.

"बाभळीचं राहिलं," अबोली म्हणाली.

"जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी होते?"

"प्रश्न! प्रश्न विचारलात!"

"उत्तर दे की."

"खरखरीत. चिकटल्यासारखी."

"जांभळात टॅनिन (तुरट द्रव्य) असतं. लाळेतल्या प्रथिनांना ते पकडून बसतं, म्हणून जीभ बुळबुळीत राहत नाही, खरखरीत होते. बाभळीच्या पाल्यात आणि शेंगांत हेच तुरट द्रव्य असतं. पोटात गेलं की ते प्रथिनांना पकडून ठेवतं. पकडलेल्या प्रथिनांना बुडबुड्याभोवती कातडं धरता येत नाही, म्हणून फेस होत नाही. भाडेकरूही ती सगळी फस्त करू शकत नाहीत. ती पुढच्या कप्प्यात जातात, तिथे सुटतात आणि टिकलीच्या स्वतःच्या वाट्याला येतात. वर आणखी एक. मिथेन तयार करणारे जे भाडेकरू आहेत, ते तुरट पाल्यानं थोडे मंदावतात असंही दिसलंय."

चरणदासचा हिरवा दिवा लागला. "म्हणजे सर्व शेळ्यांना फक्त बाभूळ घालावी. उद्यापासून..."

"थांब, थांब!" तिघंही एकदम ओरडले.

"तुरट द्रव्य फार झालं," आजोबा म्हणाले, "तर ते सगळंच धरून ठेवतं. पोट भरलेलं आणि शेळी उपाशी. ढेकर कमी होतील, दूधही कमी होईल, आणि तू पुन्हा टाळ्या मागशील."

"मग घास घालू नये."

"घालावा. कापून थोडा सुकवलेला. आधी पोटात कडबा गेल्यावर. बाभळीच्या, बोरीच्या पाल्याबरोबर. आणि पहिल्या दिवशी अगदी थोडा, मग वाढवत. कारण पिंपातले भाडेकरूही बदलावे लागतात. कडबा फोडणारे वेगळे, घासावर जगणारे वेगळे. नवा चारा आला की त्याला लागणारे भाडेकरू हळूहळू वाढतात. एका सकाळीत वाढत नाहीत."

चरणदासनं ते सगळं बोटांवर मोजून पाहिलं.

"अण्णासाहेब," तो म्हणाला, "मी सर्वोत्तम चारा कोणता हे विचारत होतो. तुम्ही प्रत्येक वेळी कशाबरोबर, किती आणि आधी काय खाल्ले होते ते सांगत आहात. माझ्या रचनेत एका प्रश्नाला एकच उत्तर ठेवायला जागा आहे. शब्दाला अर्थही एकच."

आई त्याच्याकडे बघत होती. सकाळी तिनं त्याला मनातल्या मनात जिल्ह्याला परत पाठवून दिलं होतं.

"त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले," ती म्हणाली, "आणि तू जुना अर्थ पुसलास. पुसायला मी सांगितलं नव्हतं. पण ठेव असंही सांगितलं नाही. दोन्ही ठेव रे. 'दोन घास जास्त' म्हटलं की तोंडाचे, नुसतं 'घास' म्हटलं की पेंढीचा. आणि कळलं नाही तर विचार. विचारलं म्हणून कुणी हसणार नाही."

"मागच्या वेळी तुम्ही हसला होता."

"हसले," आई म्हणाली. "हसेनही. तरी विचार."

चरणदासचा दिवा हिरवा झाला, पिवळा झाला, मग विझला. अर्थ ठेवायला तो आत कुठेतरी जागा करत असावा.

थोड्या दिवसांनी टिकली पुन्हा डोंगराला जायला तयार झाली. पिल्लांची ती पहिलीच खेप. आतापर्यंत त्यांना दूध माहीत होतं आणि गोठ्याची भिंत माहीत होती, जी चाटून बघितली होती. पठाराच्या उतारावर बोरी, हिवर, बाभळी, तरवड आणि नावं नसलेली कितीतरी झुडपं होती.

चरणदासही बरोबर आला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं होतं. "मला पाहायचे आहे की यादी नसताना शेळी काय खाते."

टिकली यादीशिवाय असं खात होती: बाभळीची दोन पानं, मग चार पावलं पुढे वाळलेलं गवत, मग मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरीचा शेंडा, मग एका चांगल्या हिरव्या झुडपाला हुंगून सरळ पुढे. पुन्हा बाभूळ. कशावरही फार वेळ थांबणं नाही. चरणदास प्रत्येक वेळी डोकं वळवून बघत होता. त्याच्या मानेतून बारीक किरकिर येत होती.

"तिने ते झुडूप का सोडले?" त्यानं विचारलं.

"मला माहीत नाही," अबोली म्हणाली. "तिला माहीत असेल."

"तिला कोणी सांगितले?"

तेवढ्यात थोरलं पिल्लू आईपाशी गेलं, तिच्या चावणाऱ्या तोंडाला नाक लावून हुंगलं, मग वळून त्याच बोरीचं एक पान त्यानं ओढलं. काटा टोचला. ते मागे सरकलं, डोकं झटकलं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा ओढलं. धाकटं पिल्लू थोरल्याचं तोंड हुंगत होतं.

अबोली उभी राहून बघत राहिली. टिकली त्या दिवशी गेली असती तर पिल्लांना दूध बाटलीनं पाजता आलं असतं. हे कुणी शिकवलं असतं?

"आजोबा म्हणाले, पिल्लं आईकडून चारा शिकतात," ती म्हणाली. "कोणता, किती, कशानंतर. सगळं."

"कोणत्या पाल्याने किती फेस होतो, हे मोजता येईल," चरणदास म्हणाला. "रस काढून बाटलीत हलवायचा. घासाचा रस एकटा, मग प्रत्येक पाल्याच्या रसाबरोबर. या डोंगरावर पाला पुष्कळ आहे. माझा हात थकत नाही."

अबोलीनं त्याच्याकडे बघितलं. तिला स्वतःला हे सुचायला हवं होतं, असं तिला वाटलं. आणि मग, सुचलं ते बरं झालं, कुणाला का सुचेना. किती बाटल्या लागतील? आईकडे लोणच्याच्या रिकाम्या होत्या. आजोबांना विचारायचं नाही. ते प्रश्न विचारत बसतील. निदान पहिली बाटली हलवून होईपर्यंत नाही.

पुढे टिकली एका खडकाच्या फटीपाशी थांबली होती. तिथे बारीक, राखी पानांचं एक झुडूप होतं. अबोलीनं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. टिकली त्याची पानं निवडून निवडून खात होती आणि दोन्ही पिल्लं तिच्या तोंडाशी नाक लावून उभी होती.

"या वनस्पतीचे नाव माझ्याकडे नाही," चरणदास म्हणाला. "एक फांदी बाटलीसाठी घेऊ का?" आणि त्यानं हात पुढे केला.

"थांब," अबोली म्हणाली. "आधी त्यांचं होऊ दे."

चरणदासनं हात मागे घेतला आणि पिल्लांच्या मागे उभा राहिला.